अप्पांना उठू द्यायचं नव्हतं

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. माझ्या आधीच्या सगळ्यांनी कपडे शिवले. कुंभकोणमला मोठ्या रस्त्यावर आमचं शिंप्याचं दुकान होतं, एका मशीनवर अप्पा आणि दुसऱ्यावर काका. कावेरीकाठच्या कॉलेजातून मी गणित घेऊन पास झालो, त्या दिवशी अप्पांनी दुकान बंद ठेवलं नाही. उलट येईल त्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता ऐकवलं. "हात वर करा. मुलगा बी.ए. झाला. आता खाली." हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणणार होतो, पण मिरवायलाच सांगतो. त्या गल्लीत तोवर कुणाला जमलं नव्हतं.

पुढं नोकरीमुळं मी महाराष्ट्रात आलो. आमचं घर पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखात गेलेलं मराठी घर, म्हणून माझी मराठी इकडच्या लोकांना पोथीतली वाटते आणि तिच्यात तमिळ शब्द फार. म्हणून घरातली बोलणी इथं थोडी सरळ करून लिहितोय. पण जे बोललं गेलं ते तसंच आहे.

मी गावातल्या शाळेत मास्तर होऊन वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. उन्हाळा होता. दुपारी अप्पा कोटाचं कापड कापायला टेबलावर वाकले होते. एकदम कात्री टाकून त्यांनी दोन्ही हातांनी मान धरली. "कुणी इस्त्री मारली रे डोक्यात?" असं म्हणाले म्हणे. मागं कुणी नव्हतं. मग ते खाली बसले आणि त्यांना उलटी झाली. काकांनी त्यांना झटक्यात घालून घरी आणलं. झटका म्हणजे आमच्याकडची घोड्याची गाडी.

घरी जमलेल्या प्रत्येकाकडं औषध होतं. ऊन लागलं, पित्त चढलं, रात्रीचा दहीभात बाधला. आईनं वाटीत तेल कोमट करून आणलं आणि टाळूवर घालायला लागली. अप्पा डोळे मिटून पडले होते. मी त्यांची हनुवटी छातीला टेकवायला गेलो, तर मान वाकेना. लाकडासारखी ताठ. डावा डोळा उघडायला सांगितलं तर त्याची पापणी अर्धीच वर गेली.

"इस्पितळात न्यायचं," मी म्हणालो.

"डोकं दुखतं म्हणून इस्पितळ?" काका म्हणाले. "बी.ए. लोकांचं दुखलं की इस्पितळ. आमचं दुखलं की सुंठ."

"मग तुम्ही सुंठ उगाळा. मी गाडी बोलावतो."

काका माझ्यावर रागावले, पण गाडीत अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन तेच बसले.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, मद्रासला शिकून आलेला. त्यानं डोळ्यात दिवा मारला, मान पाहिली, आणि पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढावं लागेल म्हणाला. काकांनी त्याच्यासमोरच मला सांगितलं, "कण्यातलं पाणी काढलेला माणूस पुन्हा सरळ चालत नाही. आमच्या शेजारी एक होता."

"तो आजारानं लंगडा झाला असेल, सुईनं नाही," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाला. त्याला मराठी येत नव्हती. काकांचं बोलणं मी त्याला सांगितलं होतं.

अप्पांना कुशीवर वळवून गुडघे पोटाशी धरायला लावले. ते धरून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. डॉक्टरनं एकामागून एक तीन नळ्यांत पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. तिन्ही सारख्याच लाल. सुईनं एखादी शीर दुखावली असती तर पहिली लाल आली असती आणि तिसरी निवळ, असं त्यानं मला दाखवून समजावलं. तिन्ही लाल, म्हणजे रक्त आधीपासूनच त्या पाण्यात होतं. ते पाणी मेंदूभोवती फिरतं. तिथं एखादी रक्तवाहिनी एका जागी फुगून पातळ झालेली असते, माणसाला पत्ता नसतो, आणि एक दिवस ती फुटते.

अप्पा शुद्धीवर होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "म्हणजे शिवण उसवली?"

"शिवण नाही. कापडच विरलंय."

"विरलेल्याला ठिगळ लावतात."

"ठिगळ लावणारे मद्रासला आहेत," डॉक्टर म्हणाला. "इथं माझ्याकडं ठिगळ नाही. इथं फक्त ते कापड ताणू नये एवढं बघता येतं."

मग तो मला बाहेर नेऊन बोलू लागला. मी म्हटलं, आत बोला. ज्याचं डोकं आहे त्याला ऐकू द्या. ते त्याला आवडलं असावं. त्यानं आत येऊन स्टूल ओढलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं. आई भिंतीला टेकून उभी होती.

एक उपाय असा की महिना-दीड महिना सपाट पडून राहायचं. उशी नाही. स्वतःच्या जोरावर कूसही बदलायची नाही. खोलीत अंधार, आवाज नाही, राग नाही, आनंदसुद्धा नाही. शौचाला जोर करायचा नाही. झोपेच्या गोळ्या, आणि डोकं फारच दुखलं तर पुन्हा सुईनं थोडं पाणी काढायचं. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी बसलेली असते, ती घट्ट होते की नाही ते बघत राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती विरघळायला बघते आणि तेव्हा धोका सगळ्यांत जास्त. दुसऱ्यांदा फुटलं तर वाचणारे थोडे.

दुसरा उपाय मद्रासचा. तिथं मानेतल्या शिरेत औषध सोडून डोक्याचा फोटो काढतात, फुगा कुठं आहे ते दिसतं. मग मानेतली मोठी रक्तवाहिनी बांधतात, म्हणजे फुग्यावरचा जोर कमी होतो. एखाद्याची कवटी उघडून फुग्यालाच चिमटा लावतात, पण त्यात दगावणारे बरेच.

"बांधली की बरं?" आईनं विचारलं.

"पुष्कळांना. काहींना त्या बाजूच्या मेंदूला रक्त कमी पडतं." डॉक्टर अप्पांच्या डाव्या पापणीकडं बघत होता. "पापणी डावी पडली आहे, म्हणजे दोष बहुतेक डाव्या बाजूला आहे. डाव्या बाजूवर उजवा हात चालतो. आणि बोलणं."

 अप्पा उजव्या हातानं कात्री धरत, आणि एकादशीच्या भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे.

इस्पितळात गडबड फार होती. शेजारच्या खाटेवर एक माणूस ओरडत असे. थोड्या दिवसांनी डॉक्टरनंच सुचवलं की घरी अंधारी, शांत खोली असेल तर खाटेसकट सपाट न्या, मी येऊन बघत जाईन. भजनातल्या चौघांनी खाट खांद्यावर घेतली. रस्त्यात लोक बाजूला सरायला लागले, एकानं तर हात जोडले. अप्पांनी डोळे उघडले. "अरे, चौघांनी उचललंय खरं, पण मी बोलतोय म्हणून सांगा त्याला."

"गप्प राहा, हसायचं नाही," मी म्हणालो.

"मी कुठं हसतोय? तो रडेल म्हणून सांगतोय."

घरी मी खिडकीला कोटाच्या अस्तराचं काळं कापड ठोकलं. शाळेतून रजा घेतली आणि दारात बसलो. येणाऱ्याला तिथूनच परत पाठवायचो. नातेवाइकांनी नावं ठेवली. बी.ए. काय झाला, बापाची भेट घेऊ देत नाही. ठेवू देत. आई चमच्यानं कांजी भरवायची, एरंडेल द्यायची, भांडं ठेवायची. भांड्याची लाज अप्पांना दुखण्याहून जास्त होती. "आजवर गिऱ्हाईक उभं, शिंपीही उभा," ते म्हणत. "आता गिऱ्हाईक उभं आणि शिंपी आडवा. मापं कशी घेऊ? पायांची तेवढी दिसतात."

आईनं गावाजवळच्या तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला नवस बोलला होता. तो कसला ते तिनं सांगितलं नाही.

डॉक्टर पहिल्यांदा घरी आला, तेव्हा डोकेदुखी उतरली होती. काका खूश झाले. डॉक्टर झाला नाही. पापणी तशीच होती. फुगा अजून दाबतोय, असं तो म्हणाला. मद्रासला त्यानं विचारून ठेवलं होतं, खाट मिळेल. आगगाडीत सपाट झोपवून न्यायचं, तो धोका धरूनही जावं असं त्याचं मत.

"हात जाईल?" अप्पांनी विचारलं.

"जाईलच असं नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी शिंपी नाही."

"सुई तुम्हीही धरता. मी पाठीला बघितली आहे. उजव्या हातात धरता. तो हात आणि तुमची वाचा मी मागितली, तर द्याल?"

डॉक्टर प्रामाणिक होता. "विचार करायला वेळ मागेन," तो म्हणाला.

"मग मलाही द्या."

"वेळ माझ्याकडं नाही. त्या शिरेकडं आहे."

तो गेल्यावर घरात बाचाबाची झाली. अर्थात हळू आवाजात, मागच्या अंगणात. मी म्हटलं, न्यायचं. हात गेला तर जाऊ दे, दुकान काका चालवतील, मी कमावतोय. काका म्हणाले, "हात गेलेला शिंपी घरात बसवून तू त्याला पगार दाखवणार रोज? तो त्याच दिवशी मरेल." आई विहिरीचा दोर धरून उभी होती. ती म्हणाली, "डोकं त्यांचं आहे. ते सांगतील ते."

मी आत जाऊन अप्पांना सरळ सांगितलं. "मला तुम्ही पाहिजे आहात. हातासकट मिळालात तर बरं, नाही तर तसेच."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "गणितवाला असून तू फार हिशेब करत नाहीस." आणि मग, "एकादशी होऊ दे. मग बघू."

हे त्यांचं हो होतं. माझ्या अप्पांना मी ओळखत होतो. काकांनाही कळलं, कारण ते त्याच संध्याकाळी स्टेशनवर गाडीची चौकशी करून आले.

आमच्याकडं एकादशीच्या पहाटे भजनाची मंडळी टाळ घेऊन मेलकावेरीच्या, म्हणजे आमच्या पेठेच्या, गल्ल्यांतून फिरते. पुढं बुवा असत. ते अप्पांच्या वडलांच्या वयाचे, आमच्या विठोबाच्या मठात भजन सांगणारे. आदल्या दिवशी ते दाराशी आले. त्यांनाही मी आत सोडलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

"उद्या आम्ही येणार," ते म्हणाले. "गल्ली वगळली तर देवाची फेरी तुटते. पण तुझ्या डॉक्टरनं आवाज नको म्हटलंय ना?"

"नको म्हटलंय."

"मग गल्लीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टाळ बंद. तोंडही बंद. मनात म्हणू. पलीकडं गेलो की पुन्हा सुरू. चालेल?"

म्हातारा एकादशीचं भजन माझ्या अप्पांसाठी थांबवायला तयार झाला होता.  मी आईला सांगितलं, तिनं बुवांच्या पाया पडून घेतलं. काका म्हणाले, "असा माणूस आहे म्हणून गाव चालतंय." आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

आता तो दुसरा भाग सांगायला हवा, कारण इकडच्या वाचकाला तो ठाऊक नसणार. आमच्या भजनाची फेरी वाटेत कधीच थांबत नाही. पाऊस असो, बैलगाडी आडवी असो, टाळ वाजतच राहतात. थांबतात ते एकाच कारणानं. एखाद्या घरात प्रेत असेल, अजून उचललेलं नसेल, तर त्या घरावरून जाताना मंडळी टाळ हातात आवळून मुकाट जाते. कुणी सांगत नाही, ठरवत नाही. पुढच्याचे हात थांबले की मागच्यांचे थांबतात. लहानपणापासून आम्ही ते इतक्यांदा बघितलेलं की तो आम्हाला नियम वाटतच नव्हता. आणि बुवांनी या वेळी थांबायचं ठरवलं ते प्रेमानं, ठरवून, दिवसाउजेडी बोलून. त्यामुळं ती त्याच जातीची शांतता आहे हे कुणालाच दिसलं नाही.

फक्त अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यापुढं भजनाचा विषयच काढायचा नाही, मन हलायला नको, हे आम्ही पाळत होतो.

पहाटे मी दारात उभा राहिलो. मंडळी लांबून येताना ऐकू आली. काळ्या कापडाआड पडलेल्या माणसालाही ती ऐकू येत असणारच. आयुष्यभर ज्यात गायला ती फेरी येते आहे, हे त्यांना कळलं असणार. कोपऱ्यावर बुवांनी हात वर केला. टाळ थांबले. पंधरा-वीस माणसं अनवाणी पायांनी आमच्या गल्लीत शिरली आणि खाली माना घालून घरासमोरून जायला लागली. बुवांनी मला बघून मान हलवली. मी हात जोडले.

मागं आवाज आला. मी वळलो. अप्पा भिंत धरून चालत ओसरीपर्यंत आले होते. इतक्या दिवसांत वाढलेली दाढी, धोतर सुटलेलं, डावा डोळा मिटलेला.

"आई कुठं आहे तुझी?" त्यांनी विचारलं.

"विहिरीवर. अप्पा, तुम्ही..."

"दिसत नाहीये ती. मी हाक मारली. बोलत नाही."

"पाणी काढतेय. आहे, विहिरीवर आहे. तुम्ही बसा. नाही, झोपा, इथंच झोपा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग रस्त्यावरच्या मंडळीकडं. "मग कोण गेलं रे?"

मी त्यांना धरायला पुढं झालो तोवर त्यांचा हात मानेवर गेला होता. ते माझ्या अंगावर आले. मोठा आवाज वगैरे काही नाही. मी त्यांना खाली ठेवलं तेव्हा त्यांचा श्वास घोरल्यासारखा येत होता. आई विहिरीवरून घागर घेऊन आली आणि घागर खाली न ठेवताच उभी राहिली. गल्लीतली माणसं जिथं होती तिथं थांबली.

इस्पितळात डॉक्टरनं पुन्हा सुई घातली. या वेळी काकाच म्हणाले, काढा, हवं तेवढं काढा. गुडघे पुन्हा मीच धरले. धरायची गरज नव्हती, त्यांच्या पायांत जोर उरला नव्हता. नळीत आलेलं पाणी मला पाणी म्हणवेना. उजवा हात मी उचलला आणि सोडला, तो खाटेवर तसाच पडला.

"आता मद्रास?" काकांनी विचारलं.

"आता नाही," डॉक्टर म्हणाला. "शुद्धीवर नसलेल्या माणसाला ते हात लावणार नाहीत. लावूही नये."

आईनं त्याला विचारलं, "आधी नेलं असतं तर?"

"टेबलावर गेले असते किंवा आज घरी बसले असते. मला माहीत नाही, अम्मा. मी जा म्हणालो होतो, पण मला माहीत नव्हतं."

अप्पा त्यानंतर काही दिवस होते. बोलले नाहीत. डोळे उघडले नाहीत. आई त्यांच्या ओठांना कापूस लावत बसायची. एका दुपारी तो घोरल्यासारखा श्वास बंद पडला.

त्यांना घरी आणलं आणि उचललं, तेव्हा बुवा आले होते, पण लांब उभे होते. नंतर सुतकात एक दिवस ते आले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले. मी शेजारी बसलो.

"ते काय म्हणाले, ते मला तुझ्या काकानं सांगितलं," बुवा म्हणाले. "कोण गेलं म्हणून विचारलं."

"हो."

"मला सुचायला पाहिजे होतं. साठ वर्षं मी ते टाळ थांबवतोय."

"आम्हालाही सुचलं नाही."

"तुमचं सोड. मी थांबवले." ते रस्त्याकडं बघत होते. "तू शिकलेला आहेस. सांग. मी वाजवत गेलो असतो तर तो आज असता?"

मी डॉक्टरला हेच विचारलं होतं. त्यानं सांगितलं ते मी बुवांना सांगितलं. ते दिवसच वाईट होते. ती गुठळी त्या आठवड्यात झोपेतही सुटते, कूस बदलताना सुटते, काहीही न करता सुटते. उठल्यामुळं सुटली असेल. नसेलही.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"मी तसं बोलत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा दोष असता तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं."

"मग नाही म्हण. सरळ नाही म्हण."

मला नाही म्हणता आलं नाही. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं सांगायचं नाही एवढंच मला कॉलेजनं शिकवलं होतं. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर म्हातारा हलका होऊन उठला असता, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "माहीत नाही, बुवा."

 ऊन चढायला लागलं. आई दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही. तिच्या हातात पितळी पेला होता. सुतकाच्या घरात आमच्याकडं बाहेरचा माणूस पाणीसुद्धा घेत नाही, आणि मठातला माणूस तर उंबऱ्याकडं बघतही नाही. तिनं पेला त्यांच्यासमोर धरला.

"घ्या," ती म्हणाली.

बुवांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"घ्या बुवा. घरातल्यासारखे बसलाय, तहान लागली असेल," आई म्हणाली.

त्यांनी पेला घेतला. एरवीसारखं वरून ओतून न घेता, घरच्या माणसासारखा ओठ लावून, सगळा प्यायले. पेला आईला परत दिला आणि आणखी थोडा वेळ माझ्या शेजारी बसून राहिले.